बाळंतिणीच्या तोंडावर लागलेलं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. बिएन होआ शहरात चपलांच्या कारखान्यामागे आठ खोल्यांची एक चाळ आहे, तिच्या लोखंडी फाटकावर मी लटकतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, कुलपाला कसलं आलंय आयुष्य! ऐका तर खरं.

मला बांगकाकांनी बाजारातून पारखून आणलं. त्या खोल्या त्यांनी स्वतः विटा वाहून बांधल्या होत्या. घर भाड्यानं द्यायचं म्हणजे रोज लक्ष घालायचं, असं त्यांचं म्हणणं. पत्रा गळायच्या आधी ते पत्र्यावर चढत. दार वाजवल्याशिवाय भाडेकरूच्या खोलीत पाऊल टाकत नसत. "आणि फाटकाची किल्ली प्रत्येकाकडे हवी," ते बायकोला बजावायचे. "भाडं घेतो ना आपण? मग आत यायला त्यांनी आपल्याला हाका का माराव्यात?"

बांगकाका गेले आणि कारभार त्यांच्या बायकोकडे, लुआकाकूंकडे आला. काकू आळशी मुळीच नव्हत्या. नळ गळला की त्याच दिवशी दुरुस्त. मलाही चिंचेनं घासून लख्ख ठेवायच्या. "हे कुलूप आहे म्हणून मला झोप लागते हो," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि मी फुगून जायचो. फक्त एक केलं त्यांनी. चोऱ्या वाढल्यात म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि एकच ठेवली, स्वतःच्या कमरेला.

तिसऱ्या खोलीत दिएम आणि तिचा नवरा होआन राहायचे. लांब कामाउकडच्या गावातली पोर, कारखान्यात चपला शिवायची. सुट्टीच्या दिवशी अख्खं अंगण झाडायची, माशाचं आंबट कालवण केलं की पहिला वाडगा काकूंना. "मला लेक असती तर अशीच असती," काकू म्हणायच्या.

मग दिएमला दिवस गेले. काकूंनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आनंद आहे गं बाई. पण बाळंतपण गावी कर हं. महिना पुरा झाला की मग ये. परक्याची ओली बाळंतीण घरात आली की घराचं नशीब बसतं. एक वेळ मरण चालेल, मरणानं भरभराट होते. जन्म नको."

"हो काकू, आईकडेच जाणारे मी," दिएम म्हणाली. तिनं बाळाच्या कपड्यांची टोपलीसुद्धा भरून ठेवली होती.

पण बाळाला कुठलं कळतंय घरमालकिणीचं शास्त्र! ते आधीच आलं. एवढंसं, मुठीएवढ्या तोंडाचं. कामाउपर्यंतचा बसचा प्रवास त्याला झेपणार नव्हता. दवाखान्यानं सोडल्यावर दोघं त्याला घेऊन भर पावसात चाळीकडे आली. काकूंनी लांबूनच पाहिलं आणि भरदिवसा मला फाटकावर चढवलं. दिवसा मी कधीच लागलो नव्हतो.

"काकू, उघडा ना. लेकरू भिजतंय," होआन म्हणाला.

"आपलं काय ठरलं होतं?"

"आधी झालं हो ते! त्याला काय करणार? विधी करतो, भाजलेलं डुक्कर ठेवतो देवापुढं, तुम्ही म्हणाल ते करतो."

"ते महिना भरल्यावर. आत्ता ओली आहे ती."

पहिल्या खोलीतले म्हातारे बायकाका बाहेर आले. ते लॉटरीची तिकिटं विकतात. "अहो लुआताई, जरा माणुसकी..."

"तुमच्या डोक्यावरचं छप्पर कुणाचं आहे, बायकाका? फार कळवळा आलाय तर व्हा बाहेर, धरा त्यांच्यावर छत्री."

बायकाका आत गेले. त्यांनी दार लावून घेतलं. बाकीच्या खोल्यांचे पडदेही एकेक करून खाली आले.

तेव्हा दिएमनं गजांमधून हात घालून मला धरलं आणि हिसकलं. तिचा हात तापानं चटका देत होता. मी चांगल्या घडणीचं कुलूप, जराही हललो नाही.

"हात लावू नकोस त्याला!" काकू ओरडल्या. "आता मीठ-तांदूळ टाकून धुवावं लागेल मला ते!"

आणि धुतलंच त्यांनी मला.

पुढचं मी बायकाकांच्या तोंडून ऐकलं. ती दोघं कारखान्याच्या सायकलतळावर पत्र्याखाली राहिली. होआन खोली शोधत गल्लोगल्ली हिंडला. पण ओल्या बाळंतिणीला त्या भागात कोण थारा देणार? प्रत्येक फाटकावर माझा एकेक भाऊ होताच.

मग एका सकाळी होआन एकटाच सामान न्यायला आला. काकूंनी फाटकाआडूनच विचारलं, "बाळंतीण कुठंय?"

"तिच्या आईनं नेली गावाला."

"आणि बाळ?"

"गेलं."

काकूंचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी आपल्या हातानं मला काढलं आणि फाटक सताड उघडलं. "अरेरे! फार वाईट झालं रे," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "पण मग आता अडचण कसली? जन्म नको म्हटलं होतं मी, मरणाचं वावडं नाही. आण की तिला परत. खोली झाडून ठेवते मी."

होआन तिसऱ्या खोलीत गेला. त्यानं बाळाच्या कपड्यांची टोपली तेवढी उचलली आणि निघून गेला.

"काय माणसं असतात! चांगलं बोललेलंही कळत नाही," काकू मला म्हणाल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी चार खोल्या बांधेल, भाड्यानं देईल. खुशाल द्या, नळ वेळेवर दुरुस्त करा, पत्रे बघा, मलाही घासूनपुसून ठेवा. पण मला आतल्या माणसांच्या राखणीला लावा, त्यांच्या तोंडावर लावू नका.

तिसऱ्या खोलीत आता नवं जोडपं आलंय. ती मुलगी हल्ली ढगळ सदरे घालते आणि काकू दिसल्या की पिशवी पोटापुढं धरते. काकूंना अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला किल्ली घडवता येत असेल, तर माझी एक किल्ली तिला करून द्या हो. लवकर द्या.