पडलेल्या बाणाचं नाव

त्या डार्ट क्लबात बोर्डावरच्या प्रत्येक गोष्टीला नाव होतं आणि प्रत्येक नावामागे कोणाची तरी फजिती. बाण भिंतीत घुसला की 'सुतार', कारण पहिलं भोक सुतारानेच पाडलं. तीन बाणांत मिळून तीनच गुण झाले की 'मास्तर'. मास्तरांनी एकदा तेवढ्यावर मिशीला पीळ दिला होता. आणि बाण बोर्डाला लागून, न रुतता खाली पडला की 'शिंपीण'.

शिंप्याची बायको सहा वर्षांच्या मुलीला घेऊन घर सोडून गेली, त्याच आठवड्यात सुताराच्या तोंडून हे निघालं. सगळे शिंप्याकडे बघायला लागले. चारचौघांत रडायचं कसं, म्हणून बिचारा हसला. झालं, नाव चिकटलं. गुण मांडायचं काम त्याचं, तेव्हा पुकारायचंही त्यानेच. आपणच म्हटलं की कमी टोचतं, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि अठरा वर्षं पुकारत राहिला.

आता त्या मुलीचं क्लबाच्या पत्त्यावर पत्र आलं होतं. रविवारी भेटायचंय, आईबद्दल बोलायचंय. शिंप्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बायकोने परत यायचं मनावर घेतलं असेल का? इतक्या वर्षांनी माणूस कशाचीही आशा धरतो.

त्याने एकेकाला गाठून हात जोडले. "तिच्यासमोर तो शब्द काढू नका."

सुताराने कान पकडले. "जीभ झडली तरी नाही काढणार."

रविवारी मुलगी आली, खुर्चीच्या कडेवर बसली. "डाव होऊ दे, बाबा. मग बोलू." बाबा म्हणाली ती. शिंप्याने खडू उचलला.

मास्तरांचा बाण बोर्डाला लागला आणि खाली पडला. सुताराने ओठ गच्च मिटले. कोणी हूं की चूं केलं नाही. आणि फळ्याकडे वळत, रोजच्या आवाजात शिंप्यानेच पुकारलं, "शिंपीण. शून्य."

कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"शिंपीण म्हणजे आई?" मुलीने विचारलं.

त्याला खोटं सुचलं नाही. "पडलेल्या बाणाला म्हणतात इथे. मीही म्हणतो."

ती खुर्चीवरून उठली. "महिना झाला, आई वारली. शेवटी सांगत होती, 'जाऊन भेट त्यांना. त्यांनी माझ्याबद्दल कधी कुठे वाईट शब्द काढला नसेल.'"

तिने पिशवी खांद्याला लावली. "जाते मी," म्हणाली. 'येते' म्हणाली नाही.