मोऱ्याच्या जबड्यातले पिवळे दाणे

"तूच लावलंस ना? मग तूच चोखून काढ!" बा ओरडला.

"दादा, मी कशाला लावू? मोऱ्या वासरू होता तवा मीच त्याला पेज पाजलीय. तुमीच म्हणायचे, नर्मदे, तुज्या हातानं खातो."

"गोड बोलू नको. सुपातला तांदूळ खोटं बोलत नाय."

"तांदूळ कुटं बोलतो, दादा? बोलतो तो भगत."

एवढं ती बोलली आणि सगळा पाडा भगताकडं बघायला लागला. भगतासमोर असं कोणी बोलत नाय. जिवल्या भगत दगडावर बसून बिडी ओढत होता. तो हसला नुसता. म्हणाला, "बघा, भुताळीचं तोंड कसं चालतं."

नर्मदा माझी काकी. माझ्या बापाच्या धाकट्या भावाची, सुकाकाकाची बायको. काका तीन वर्षांमागं साप चावून मेला. तवापासून काकी आणि तिची पोर सोमी, दोघीच आमच्या शेजारच्या घरात राहायच्या. आमचा पाडा बेटेगावच्या वर, डोंगराला लागून. इथनं तारापूरच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, पण भुताळी, म्हणजे चेटकीण, म्हटलं की लोक अजून हातात दांडा घेतात.

सगळे सांगतात की काकीला बैलानं लाथ मारली. कागदावर पण तसंच लिवलंय. मी तिथंच होतो. बैलानं लाथ मारली नाय. म्हणून मी हे लिवतोय. माझी शाळा नववीत सुटली, चुका काढत बसू नका.

मोऱ्या आमचा डावा बैल. होळीच्या आधीपासून त्याच्या खालच्या जबड्यावर गाठ आली. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी, मग मुठीएवढी. दाबली तर दगड. नुसती कातडी असती तर हलली असती, ही हाडालाच धरून होती. मोऱ्या एका बाजूनं चावायचा, लाळ गाळायचा, अर्धा चावलेला चारा तोंडातनं पडायचा. पोट आत गेलं, फासळ्या मोजता यायच्या.

मी बाला म्हटलं, बोईसरला जनावरांचा दवाखाना हाय, नेऊ. बा म्हणाला, "ते सुया टोचतात आणि बैल मारतात." त्यानं जिवल्याला आणलं. जिवल्यानं विळा लाल करून गाठीवर डाग दिला. कातडी जळाली, गाठ तशीच. पंधरा दिवसांनी परत डाग दिला. मग गाठ फुटली, भोकं पडली, पू यायला लागला.

बा वाईट माणूस हाय असं समजू नका. मोऱ्यासाठी तो रोज भाताची पेज करून हातानं त्याच्या तोंडात सोडायचा. एक दिवस त्याला मोऱ्याच्या मानेला टेकून रडताना बघितला मी. डोंगरावरचं आमचं शेत दगडाचं, तिथं ट्रॅक्टर चढत नाय. बैल नाय तर भात नाय. म्हणून तो घाबरला होता. आणि घाबरलेल्या माणसाला जिवल्या लगेच ओळखतो.

जिवल्यानं सुपात तांदूळ टाकले, बोटानं इकडं तिकडं केले आणि म्हणाला, "घरातलीच हाय. नवरा नाय तिला. तिनं मूठ मारलीय." मूठ मारली म्हणजे मंतरलेले दाणे कोणावर तरी फेकले. मग कोणी नाव घ्यायची गरजच राहिली नाय. दुसऱ्या दिवशी काकी बोअरिंगवर गेली तर बायांनी हंडे उचलले आणि मागं सरकल्या. आठ दिवस ती खालच्या ओहोळातनं पाणी आणत होती. माझी आई पण तिच्याशी बोलली नाय. मी पण नाय. मला राग यायचा, पण मी तो घरातल्या हंड्यावर काढला, लाथ मारून चेपवला. बापाला काय बोललो नाय.

आणि मग तो दिवस, वर सांगितला तो. जिवल्या म्हणाला, जिनं घातलं तिनंच तोंडानं ओढून काढायचं, म्हणजे बैल उठेल.

काकी आधी नाय म्हणाली. मग सोमीला पाड्यातल्या दोघांनी हाताला धरून पुढं आणलं. काकीनं सोमीकडं बघितलं आणि गुडघ्यावर बसली.

मोऱ्याला दुखत होतं, तो डोकं झाडत होता. बा म्हणाला, "बबल्या, वेसण धर." मी धरली. दोन्ही हातांनी धरली. काकीचं तोंड माझ्यापासनं वीतभर लांब होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाय. डोळे मिटून त्या भोकाला तोंड लावलं.

थुंकली तर पुवात दाणे होते. पिवळे, बारीक, रव्यासारखे. जिवल्या उठलाच. केळीच्या पानावर ते पसरले आणि पान सगळ्यांसमोर फिरवलं. "हे बघा! तिनं मारलेली मूठ! अजून काय पुरावा पाहिजे?"

खरंच दाणे होते. मी पण बघितले. एक क्षण मला पण वाटलं, की असेल. हे मी लपवणार नाय.

काकी उलटी करत होती. मधेच उठून म्हणाली, "दाणे त्याच्या अंगातले हायत. माजे नायत. बैलाला डागदर दाखवा, दादा, अजून पण दाखवा."

बाच्या हातात जोखडाची शिवळ होती. मानेच्या दोन्ही बाजूला असते ती लाकडी खुंटी. ती त्यानं मारली. एकदाच. कानाच्या वर लागली. काकी खाली पडली ती बैल बांधायच्या खुंट्यावर. मोऱ्या जाग्यावरनं हललाच नाय, कारण वेसण माझ्या हातात होती.

पालघरला नेईपर्यंत तिला शुद्ध होती. तिसऱ्या दिवशी गेली. पाड्यात ठरलं, बैलानं लाथ मारली म्हणायचं. सगळे तेच बोलले. माझी आई बोलली. मला कोणी विचारलंच नाय.

ते केळीचं पान गोठ्यामागं पडलं होतं. दाणे वाळले होते. मी चुन्याच्या रिकाम्या डबीत भरले. का भरले माहीत नाय. मला फक्त कोणाला तरी दाखवायचे होते.

बोईसरच्या दवाखान्यात दीपा मॅडम होत्या. त्यांनी एक दाणा दोन काचांमधी चिरडला, कसलं तरी पाणी सोडलं आणि मला यंत्रातनं बघायला दिलं. धाग्यांचा गुंता दिसला, कडेनं पसरलेला.

"हे जंतू आहेत," मॅडम म्हणाल्या. "एकमेकांना धरून गोळा झाले की असा दाणा दिसतो. हे जंतू निरोगी बैलाच्या तोंडात पण असतात, काही करत नाहीत. पण हिरडीला जखम झाली की आत शिरतात, हाडापर्यंत. शरीर त्यांना मारू शकत नाही, मग भोवती भिंत बांधतं. तीच गाठ. टीबीचे जंतू पण अशाच गाठी करतात, काही बुरशी पण करतात. म्हणून तपासावं लागतं. चारा काय घालता?"

"गवत," मी म्हटलं.

चांगलं गवत आमी पावसाळा संपल्या संपल्या कापतो, हिरवट असतानाच. ते गठ्ठे बांधून ट्रकनं तबेल्यांना जातं. डोंगरावरचं उरलेलं आमच्या बैलांना. या वर्षी ते कापायचं काम माझं होतं. मी बापाशी भांडून बोईसरला एका शेडमधी पॅकिंगला गेलो आणि दोन महिन्यांनी परत आलो. तोपर्यंत गवत वाळून त्याला कुसळं आली होती. सुईसारखी, कपड्यात घुसली तर निघत नायत. मी तेच कापलं, तेच घातलं. पौषात मोऱ्याच्या हिरडीतनं एक कुसळ मी या बोटांनी उपसलं होतं, थोडं रक्त आलं होतं.

मॅडमना कुसळाचं आणि गाठ कशी वाढत गेली ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "गाठ लिंबाएवढी असताना आणला असतास तर शिरेतनं औषध दिलं असतं, थांबली असती. भोकं पडली म्हणजे आता हाड पोखरलं असणार. हे दाणे तुला मिळाले कसे?"

मी डबीचं झाकण लावलं. मग सगळं सांगितलं, तोंड लावलं ते पण. मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कोणाला भुताळी म्हणणं हाच गुन्हा आहे, कायदा आहे त्याला. आणि हा तर खून आहे. तू सांगशील का?"

मी म्हटलं, "बाप हाय माजा."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांचा नंबर कागदावर लिवून दिला.

त्यानंतर चार दिवस मी कोणाला सांगायचं नाय असंच ठरवलं होतं. मोऱ्या त्यात मेला. मला वाटलं, आता तरी लोकांना कळेल की काकी गेली तरी बैल वाचला नाय. काल संध्याकाळी जिवल्या परत आला, सूप घेऊन. मोऱ्या मेला, आता उजव्या बैलाची लाळ गळतेय. तांदूळ टाकले आणि म्हणाला, "आई जाताना पोरीला तिची विद्या देऊन गेलीय."

सोमी चौदा वर्षांची हाय.

आज सकाळी बोअरिंगवर बायांनी परत हंडे उचलले. सोमी रिकामी कळशी घेऊन माझ्यासमोर आली. रडत नव्हती. म्हणाली, "बबलूदादा, तू तर वेसण धरली होतीस. बैलानं लाथ मारली का रं?"

मी मॅडमना फोन केला. त्या गाडी घेऊन येतायत, आमाला पोलीस ठाण्यात न्यायला.

तुमी पेपर वाचणारे म्हणाल, अडाणी लोक. पण मी नऊ वर्षं शाळेत गेलो, माझ्या हातात मोबाईल हाय, आणि वेसण मीच धरली. पहिलं हेच लिवून घ्या म्हणणार हाय मी पोलिसांना. मग जिवल्याचं नाव. मग बाचं.

बा दारात बसलाय. त्याला कळलंय. मघाशी एवढंच म्हणाला, "मंग शेत कोण करणार?" आई चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसलीय.

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजतोय. सोमी उतरून गाडीपाशी पोचली पण, एकटीच उभी हाय. मला आता निघायला पाहिजे.