ओढ्या, सांग तिला

मी ओढा बोलतोय. सरकारी नकाशात माझी निळी रेघ आहे, पण ती तुटक तुटक आहे. म्हणजे मी कधी असतो, कधी नसतो, असं साहेब लोकांचं म्हणणं. ते खोटं आहे असं म्हणायला मला तोंड नाही. पण माणूस तरी बारा महिने एकसारखा कुठं असतो?

नगर शहर संपलं, भिंगार मागं पडलं, की डोंगराच्या पायथ्याला करंज, लिंब आणि बाभळींची दाट झाडी लागते. त्या झाडीतल्या एका कपारीत माझा जन्म झाला. तिथून वळसे घेत खाली उतरायचं आणि सीनेला जाऊन मिळायचं, एवढंच माझं काम. मी येऊन मिळालो हे सीनेला कधी कळलं की नाही, देव जाणे.

माझ्या दोन काठांवर दोन सख्खे भाऊ राहायचे. अलीकडं थोरला भिमाजी, पलीकडं धाकटा गहिनीनाथ. वाटण्या झाल्या तेव्हा मधला बांध म्हणून त्यांनी मलाच धरलं. दोघंही सायकलला कॅन अडकवून नगरला दूध घालायचे. जाताना माझ्यापाशी थांबायचे, इकडंतिकडं बघायचे आणि हळूच एक-एक तांब्या मला कॅनमध्ये ओतायचे. नगरातल्या निम्म्या चहात मी गेलोय. मोठमोठ्या नद्यांना जमलं नाही, ते मला जमलं.

भाऊ कधी भांडले नाहीत. भांडल्या त्या जावा.

झालं असं, की धाकटीचा, म्हणजे लंकाबाईचा भाऊ पाहुणा आला. थोरल्या गोजरबाईनं कौतुकानं पुरणपोळीचं जेवण केलं. जेवताना लंकाबाई भावाच्या कानात म्हणाली, "आमटी जरा पानचट झालीय." कान भावाचा होता, पण ऐकलं गोजरबाईनं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मला त्यात एकच गोष्ट लागली. पाणचट ही शिवी कधीपासून झाली?

बोलणं बंद झालं तरी धुणं कुठं बंद होतं? दोघींचे धुण्याचे दगड समोरासमोर, मध्ये मी. वेळ बदलायला कुणीच तयार नाही. मग एकदा भिंगारच्या शाळेतले शांतवन मास्तर खांद्यावर सायकल घेऊन मला ओलांडत होते, त्यांना गोजरबाईनं मध्येच गाठलं.

"मास्तर, त्या बाईला सांगा, तिच्या साबनाचा फेस माझ्या धुन्यात येतोय."

"मास्तर, त्यांना सांगा, फेस काय मी पाठवत न्हाई. वारं आनतंय."

गुडघाभर पाण्यात उभे मास्तर एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बायांनो, माझी शाळेची घंटा झाली. देवानं मधी हा ओढा ठेवलाय ना? त्याला सांगा!"

मास्तर चेष्टेनं बोलले. पण बायांना ते पटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी निरोप्या झालो. "ओढ्या, सांग तिला, तिची शेळी माझ्या घेवड्यात शिरलीय." लगेच पलीकडून यायचं, "ओढ्या, सांग त्यांना, बांध कुटला ते शेळीला कळत न्हाई. तिला शाळेत न्हाई घातली आमी." मी काही सांगत नव्हतो हो. दोघींना एकमेकींचं सगळं लख्ख ऐकू यायचं. पण मध्ये कुणीतरी असलं की माणसाला बोलायला बरं पडतं. अन् एवढ्या रागातसुद्धा धाकटीनं थोरलीला 'त्यांना' म्हणायचं सोडलं नाही.

एकदा लंकाबाईला ताप आला. तीन-चार दिवस तिचा दगड मोकळा. बरी होऊन ती आली, तेव्हा गोजरबाई कपडा आपटता आपटता म्हणाली, "ओढ्या, इचार तिला, ताप उतरला का. मला काय करायचंय म्हना. पन इचार."

भावांची पंचाईत वेगळीच. दोघांचं चांगलं सख्य, पण बायकांच्या धाकानं उघड बोलायची चोरी. म्हणून दुपारी दोघं झाडीत एका जाड करंजामागं बसून विड्या ओढायचे आणि सुखदुःखाचं बोलायचे.

असं दोन वर्षं चाललं. मग पाऊस रुसला. एकाहत्तर साली थोडा तरी पडला होता, बहात्तर साली त्याचंही तोंड दिसलं नाही. मी आधी बारीक झालो, मग माझी डबकी झाली, मग नुसती वाळू उरली. त्या साली नगरकर पहिल्यांदा निर्भेळ दूध प्यायले. पण ते इतकं थोडं होतं, की कुणाच्या लक्षात आलं नाही. लवकरच दोघं भाऊ जनावरं घेऊन छावणीवर गेले आणि दोन काठांवर दोघी जावा तेवढ्या राहिल्या.

गंमत अशी, की मी आटलो तरी माझं काम सुटलं नाही. गोजरबाई वाळूकडं बघून म्हणायची, "ओढ्या, सांग तिला, तिच्याच जिभेच्या गुनानं तू आटलास." पलीकडून उत्तर यायचं, "ओढ्या, सांग त्यांना, आता तरी आमटी दाट हुईल!"

दोघी रोज भिंगारच्या विहिरीवरून डोक्यावर घागरी आणायच्या. येताना मध्ये शेतभर अंतर ठेवून चालायच्या. पुढं पुढं त्या विहिरीचाही तळ दिसायला लागला. मग एका सकाळी गोजरबाई टिकाव आणि घमेलं घेऊन माझ्या पात्रात उतरली. करंजाच्या वळणाला माझी थोडी ओल खोलवर शिल्लक होती. मी ती जिवापाड जपून ठेवली होती. तिनं नेमका तिथंच टिकाव घातला.

गोजरबाई अंगानं दांडगी. बघता बघता कमरेएवढा खड्डा झाला, मग छातीएवढा. वर घमेलं घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून उपसलेली वाळू ती काठालाच टाकत होती. तो ढीग एकदम ढासळला. बाई गुडघ्यापर्यंत गाडली गेली. पाय काढायला गेली, तर आणखी वाळू आली आणि कंबर गेली.

लंकाबाई घागर आणि दोर घेऊन विहिरीकडं निघाली होती. तिनं ते बघितलं आणि धावत काठावर आली. पण तोंड काही उघडेना. शेवटी वाळूकडं बघत म्हणाली, "ओढ्या, इचार त्यांना, काढू का भाईर?"

"ओढ्या, सांग तिला," खड्ड्यातून आवाज आला, "मला काय झालंय? मी जरा निवांत बसलेय."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूची वाळू सुटली. ती छातीला लागली. मला काही करता येत नव्हतं, माझीच वाळू माझं ऐकत नव्हती. गोजरबाईचा चेहरा पांढरा पडला.

"लंके," ती म्हणाली, "दोर टाक गं."

लंकाबाई तशीच उभी. "काय म्हनालात?"

"दोर टाक म्हनाले!"

"कुनाला म्हनालात?"

"तुला गं बये! लंके, तुला! मी मेल्यावर टाकतीस का?"

तेव्हा कुठं दोर सुटला. एक टोक करंजाच्या बुंध्याला बांधून, दुसरं लंकाबाईनं जावेच्या काखेखालून घेतलं. आधी घमेल्यानं भोवतीची वाळू उपसली आणि मग पाय रोवून ओढायला लागली. ओढता ओढता रडत होती आणि रडता रडता बोलत होती. "जाऊबाई, एवढं पिठलं-भाकरी कशाला खाता वो!" शेवटी बूच निघावं तसा आवाज झाला आणि गोजरबाई वर आली. दोघी वाळूत आडव्या पडून धापा टाकत राहिल्या.

लंकाबाईचं लक्ष गेलं. "जाऊबाई, तुमचं लुगडं ओलं झालंय!"

गोजरबाई ताडकन उठून बसली. "लंके, गावात बोललीस तर बघ! मानूस भ्यालं, तर एकांद्या टायमाला..."

"अवो, ते न्हाई! पानी हाय! खाली पानी हाय!"

दोघींनी खड्ड्यात वाकून बघितलं. तळाशी, वाळूच्या फटीतून, मी येत होतो. ओंजळभर, पण येत होतो. आयुष्यात माझ्याकडं इतक्या प्रेमानं कुणी बघितलं नव्हतं.

खड्डा पुन्हा ढासळू नये म्हणून दोघींनी बाभळीच्या फांद्यांचं कूड विणून आत बसवलं. पाणी मात्र फार सावकाश साचायचं. करवंटीनं एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. तोपर्यंत करायचं काय? दोघी काठावर बसून बोलायच्या. दोन-तीन वर्षांचं साठलेलं. एकदा गोजरबाई म्हणाली, "त्या दिवशी आमटीत पानी जास्तच पडलं हुतं गं." लंकाबाई म्हणाली, "न्हाई वो, चांगली हुती. माह्यारच्या मानसापुढं जीभ चावळली माझी." त्यावरून, आमटी पाणचट होती की नव्हती, असं नवं भांडण जुंपलं. पण ते तोंडासमोर.

भाऊ छावणीवरून आले, तर बायका एकाच सावलीत बसलेल्या. दोघं घाबरून जागीच थांबले. भिमाजीनं बिचकत विचारलं, "मग आता आमी भाऊ-भाऊ बोललो तर चालंल का?"

"तुमी कवा थांबला हुता?" गोजरबाई म्हणाली. "रोज करंजाला धूर फुटायचा, तो काय झाडाचा हुता?"

पुढच्या साली पावसानं मनावर घेतलं आणि मी पुन्हा वाहायला लागलो. धुणं सुरू झालं. पण आता दोघी एकाच काठावर बसतात, आणि त्यांच्या गप्पांत माझं नाव निघत नाही. निरोप्याचं काम गेलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

परवा मात्र लंकाबाई एकटीच आली. गोजरबाईच्या लेकीचं, चांगुणाचं, बाळंतपण आहे. त्यासाठी ती एस.टी.नं सोनईला गेलीय. लंकाबाईनं एक लुगडं कसंबसं धुतलं आणि पाय पाण्यात सोडून बसून राहिली. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "ओढ्या, सांग त्यांना, मला करमत न्हाई. लवकर या म्हनावं."

मी ऐकून घेतलं. पण सोनई पडली उत्तरेला, आणि मी जातो सीनेकडं. कितीही वळसे घेतले, तरी माझी वाट तिकडं जात नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला निघालं असेल, तर एवढं काम करा. सोनईत चांगुणाचं घर विचारा. ओसरीवर एक दांडगी बाई नातवंडाला मांडीवर घेऊन बसलेली असेल. तिला म्हणावं, लंकाबाईला करमत नाही.

निरोप कुणी दिला असं विचारलं, तर माझं नाव सांगा.