चार बोटं जास्तीची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. सिंहासनाची नव्हे, झोपायची. माझ्यावर आजवर कोणी राज्य केलेलं नाही, लोळले मात्र भरपूर. सध्या मी मुलींच्या एका हॉस्टेलच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्या आणि गळक्या बादल्यांच्या संगतीत पडून आहे. माझ्या पोटावर कोणीतरी एक पंखा ठेवलाय. तोही बंद. दुसरं काही काम नाही, म्हणून म्हटलं, तुम्हाला माझी हकीकत सांगावी. गादी कशी बोलेल, असं विचारू नका. माझ्यावर पडून माणसं इतकं बोलतात की दगडालाही वाचा फुटावी. मी तर साधा कापूस.

माझा जन्म गादीवाल्याच्या घरी झाला. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. गादीवाला कापूस पिंजायचा आणि भरायचा. त्याची बायको खोळी शिवायची. त्यांची एकुलती एक लेक शाळेतून आली की गिऱ्हाइकांची मापं लिहून घ्यायची आणि दाभण घेऊन टाके घालायला बसायची. त्या घरात एक पद्धत होती. खोळीत कापूस भरला की ती फुगते, आणि फुगली की चारी बाजूंनी आखडते. म्हणून गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापात चार बोटं वाढवायची. हे चार बोटांचं नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला.

लेकीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. घर सोडून शिकायला जाणारी त्या घरातली ती पहिलीच. कॉलेजकडून सामानाची यादी आली. बादली, मग, कुलूप, टेबलावरचा दिवा, आणि सगळ्यात शेवटी 'गादी, तीन फूट बाय सहा फूट'. ते ऐकून गादीवाला असा काही खूश झाला की विचारू नका.

"बाकीचं तुम्ही मायलेकी आणा," तो म्हणाला. "शेवटचं माझ्यावर सोडा."

मित्रांनो, स्वतःची तारीफ स्वतः करू नये, पण माझ्या पोटात जो कापूस गेला तसा कापूस त्या दुकानात पुन्हा कोणाला मिळाला नाही. गिऱ्हाइकांची कामं उरकून गादीवाला रोज थोडं थोडं माझं काम करायचा. लेकीने माप लिहून दिलं, बापाने कापड बेतलं, आईने खोळ शिवली. तिघांनीही मला मनापासून केलं. जरा जास्तच मनापासून, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटचा टाका पडला तो निघायच्या आदल्या दिवशी. मला धड पसरून बघायलाही कोणाला फुरसत नव्हती. गुंडाळलं, जाड दोरीने बांधलं आणि बसच्या टपावर चढवलं.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. गादीवाल्याने मला खांद्यावर घेतलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी अडकत होते. "जरा पोट आत घे की गं बाई," असं तो मला म्हणाला, आणि मागून बादली घेऊन येणारी लेक हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू.

खोली अरुंद होती. दोन लोखंडी कॉट, मध्ये जेमतेम दीड फुटाची वाट, एक खिडकी. समोरच्या कॉटवर एक मुलगी आधीच येऊन राहिली होती. इतकी उंच की हॉस्टेलात सगळे तिला शिडी म्हणत. झोपली की तिचे पाय कॉटच्या गजांमधून बाहेर यायचे. गादीवाल्याने दोरी सोडली आणि मोठ्या ऐटीत मला कॉटवर पसरलं.

मी पसरले ती पसरतच गेले. कॉट भरून झाली तरी मी चांगली फूटभर उरले आणि वाटेत लोंबायला लागले. दोन कॉटच्या मध्ये आता मांजरही जाऊ शकलं नसतं. गादीवाल्याने मला भिंतीकडे रेटलं, दुमडलं, दाबलं. मी कसली ऐकते! एवढ्या प्रेमाने भरलेली गादी दबत नसते.

शिडी मनाने वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. "काका, गादीवाल्याने चांगलंच गंडवलं हो तुम्हाला," ती म्हणाली. "साधं माप कळत नाही त्याला? परत करा त्याची त्याला!"

लेकीने मान खाली घातली. ती 'हे माझे बाबाच गादीवाले आहेत' असं म्हणेल, म्हणून मी वाट बघत होते. ती कुलपाशी चाळा करत राहिली.

"खरंय," गादीवालाच शेवटी म्हणाला. "मूर्ख दिसतोय लेकाचा. भेटला की सांगतो त्याला."

निघताना त्याने लेकीला दाराबाहेर बोलावलं. "मन लागलं नाही तर फोन कर," तो हळूच म्हणाला. "दोरी घेऊन येतो. तुला आणि गादीला, दोघींना घेऊन जातो. तुला कोणी काही बोलणार नाही." आणि दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकून तो जिना उतरला.

मित्रांनो, पहिला आठवडा फार वाईट गेला. लेक कडेला झोपायची, मी खाली कलायचे आणि ती माझ्यासकट घसरायची. शिडीला कॉटवर जायचं तर माझ्यावरून उडी मारावी लागायची. येणारीजाणारी प्रत्येक मुलगी दारातून डोकावून "अगं बाई, हीच का ती गादी?" असं विचारायची. मी हॉस्टेलात प्रसिद्ध झाले, पण असली प्रसिद्धी काय कामाची? एकदा शिडीने सहज विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?" लेक म्हणाली, "कापडाचा व्यवसाय आहे." मला इतका राग आला की मी त्या दिवशी मुद्दाम टोचले तिला.

पण तिला माझ्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला होता. भिंतीकडे तोंड करून ती रडायची. ते पाणी दुसऱ्या कोणाला दिसलं नाही. सगळं माझ्यातच मुरलं. खोलीत मन लागत नव्हतं, वर्गात लागत नव्हतं आणि बापाचं ते 'मूर्ख दिसतोय' डोक्यातून जात नव्हतं. शुक्रवारी तिने माझ्यावर बसूनच घरी फोन लावला.

"बाबा, रविवारी दोरी घेऊन या."

पलीकडून "बरं" एवढाच आवाज आला. ती घरी गेली की तिची कॉलेजातली जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला मिळणार होती आणि पुन्हा काही ती हाती लागणार नव्हती. हे तिला ठाऊक होतं, तिच्या बापाला ठाऊक होतं, आणि मलाही. कारण प्रवेशाचा कागद माझ्याच उशाखाली होता.

शनिवारी सकाळी रेक्टरबाई तपासणीची ताकीद द्यायला आल्या. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हा काय प्रकार आहे? दोन कॉटमध्ये वाट मोकळी पाहिजे. संध्याकाळपर्यंत ही गादी मापात आण, नाहीतर खाली अडगळीत टाक."

"मी उद्या घरी जातेच आहे, मॅडम."

"उद्याचं उद्या बघू. तपासणी आज आहे."

लेक उठली, पेटीच्या तळातून एक पुडकं काढलं. दाभण, कात्री, जाड दोरा. आईने न सांगता ठेवलं होतं. तिने मला जमिनीवर ओढलं आणि कडेचा पहिला टाका उसवला. शिडी वही मिटून बघत बसली.

आणि मग मित्रांनो, घोळ बाहेर पडला. टाके उसवता उसवता लेक थांबली. तिने वितीने मोजलं. पुन्हा मोजलं. तीन फुटांचं माप लिहून देताना तिने सवयीने चार बोटं वाढवली होती. कापड बेतताना बापाने, लेकीने यादीतलं माप तसंच उतरवलंय असं समजून, आणखी चार बोटं वाढवली होती. आणि आईला वाटलं, नवरा घाईत विसरला असणार. म्हणून तिने कडेला वीतभर निळी पट्टीच जोडून टाकली होती. तिघांनी आपापल्या जागी काळजी घेतली होती आणि कोणी कोणाला विचारलं नव्हतं. लेक त्या निळ्या पट्टीकडे बघत राहिली, आणि एकाएकी हसत सुटली. हसता हसता रडायला लागली.

"काय झालं गं?" शिडी घाबरली.

"त्या गादीवाल्याने गंडवलं नाही मला," लेक म्हणाली. "तो गादीवाला म्हणजे माझे बाबा. त्या दिवशी तुझ्यासमोर उभे होते ना, तेच. आणि मी तोंड शिवून गप्प बसले."

शिडीचा चेहरा कसानुसा झाला. मग ती उठली, खाली बसली आणि म्हणाली, "काय धरू ते सांग."

दुपारभर दोघी कामाला लागल्या होत्या. शिडीने खोळ ताणून धरली, लेकीने कापूस काढला, कडा वळवल्या, टाके घातले. तिचे हात असे चालत होते की माझ्यासारख्या खवचट गादीलाही नाव ठेवायला जागा मिळेना. उसवलेलं दुखलं, खोटं कशाला सांगू? पण ज्या हातांनी माझं माप लिहिलं होतं तेच हात होते. उरलेला कापूस तिने आईच्या निळ्या पट्टीत भरला आणि त्याची एक छोटी गादी केली. शिडीची पत्र्याची पेटी कॉटच्या पायथ्याशी सरकवली, वर ती छोटी गादी ठेवली. शिडीने पाय लांब केले. गजांमधून निघालेले पाय पहिल्यांदा कशावर तरी टेकले.

"अगं," शिडी डोळे मिटून म्हणाली, "मी बारा वर्षांची असल्यापासून अशी झोपले नाहीये."

ही बातमी काय लपून राहते? दारात मुलींची रांग लागली. कोणाची उशी विटेसारखी झालेली, कोणाच्या गादीत मधोमध खड्डा. "तुला येतं का गं हे?" असं विचारलं की लेक सांगायची, "येतं. आमचं दुकान आहे गाद्यांचं." दहा जणींनी विचारलं, दहाही जणींना तिने हेच सांगितलं. प्रत्येक वेळी आवाज जरा मोठा होत होता. संध्याकाळी तपासणीला आलेल्या रेक्टरबाईंनी दोन कॉटमधल्या वाटेत पाय ठेवून बघितला, हूं म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्याकडून हूं म्हणजे फार झालं.

रविवारी गादीवाला आला. खांद्यावर दोरी, हातात हत्यारांची पिशवी. गादीचं माप जमवावं की लेकीला घरी न्यावं, याचं त्याचंही ठरलं नसावं. दारातच तो थबकला. मी कॉटवर अगदी मापात बसले होते. तो वाकला, माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. एकेक टाका बघितला. शिडी भिंतीला टेकून उभी होती, मान खाली घालून.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी मी गादीवाल्याला उगीच बोलले."

"भेटला का तो तुम्हाला?" गादीवाल्याने गंभीरपणे विचारलं.

"भेटला," लेक म्हणाली. तिने बापाचा हात धरला. "हे माझे बाबा. ही गादी त्यांनी केलीये."

गादीवाल्याने चष्मा काढून पुसला. उगीचच पुसला, स्वच्छ होता. मग घसा खाकरून म्हणाला, "टाके बरे आलेत. कोपऱ्यात जरा सैल आहेत." खांद्यावरची दोरी त्याने हातात घेतली. "मग... या दोरीचं काय करायचं?"

लेकीने खोलीभर नजर फिरवली. खिडकीचा गज बघितला, समोरच्या भिंतीतला खिळा बघितला.

"राहू दे इथेच, बाबा," ती म्हणाली. "कपडे वाळत घालायला होईल."

त्याने स्वतःच ती बांधली. दोन्हीकडे पक्की गाठ मारली, ओढून बघितली. आणि रिकाम्या खांद्याने जिना उतरला.

पुढचं थोडक्यात सांगते. लेक त्या खोलीत चार वर्षं राहिली. परीक्षेला ती माझ्यावर पालथी पडून पाठ करायची, त्यामुळे मलाही बरंच काही येतं. दर महिन्याला ती आणि शिडी मला गच्चीवर नेऊन ऊन दाखवायच्या आणि काठीने झोडपायच्या. झोडपणं गादीला मानवतं, गैरसमज नको. नोकरी लागल्यावर ती लांब गेली. निघताना मला न्यावं की ठेवावं, तिचं ठरेना. गादीवाला फोनवर म्हणाला, "ठेव तिथेच. नव्या पोरीला होईल." तेव्हा तिने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, अगदी बापासारखा, आणि दार ओढून घेतलं.

नंतर माझ्यावर कितीतरी मुली झोपल्या. कोणी चहा सांडला, कोणी शाई. ऊन दाखवायचं मात्र कोणाला सुचलं नाही. मी दबत गेले, गोळे झाले, मग फोमच्या गाद्या आल्या आणि मला खाली आणून टाकलं. मी कोणाला दोष देत नाही. ज्याने काम घेतलं त्याने दोन तास ऊनही द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. मित्रांनो, कापूस मरत नाही, नुसता दबतो. पिंजला की पुन्हा फुलतो. तुमच्या घरात कोणी दबून, गप्प होऊन पडलं असेल, तर त्यालाही जरा उन्हात आणून बसवा.

ती दोरी अजून त्या खोलीत आहे, असं वरून येणाऱ्या गळक्या बादल्या सांगतात. दर वर्षी एक नवी मुलगी येते, पहिल्या दिवशी रडून तोंड धुते आणि ओला टॉवेल त्या दोरीवर टाकते. ती दोरी कोणाला तरी परत न्यायला आणली होती, हे तिला माहीत नसतं. तुम्हाला आता माहीत झालंय. जाता जाता तिला सांगून जा. आणि हो, तेवढा माझ्या पोटावरचा पंखा बाजूला करा.