जावईशोध

त्या दुपारी मोठ्या जावयाला हवं होतं ते फक्त एक वाक्य. "मोठे आहेत म्हणून या घराचं चालतंय." नळ गळायचा थांबला की सासरे हे वाक्य बोलत, पंख्याची करकर गेली की बोलत, दाराची कडी नीट बसू लागली की बोलत. मोठा "त्यात काय एवढं" म्हणायचा आणि घरी पोहोचेपर्यंत ते वाक्य गोळीसारखं चघळत राहायचा.

धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि साडू आला. चांगल्या हुद्द्यावरचा, हसतमुख, बोलण्यात लोणी. या साडूने सासरी आजवर एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. पण मत्सराला पुरावा लागत नाही, त्याचं पोट संशयावरही भरतं. आपल्या वाक्याला वाटेकरी आला, अशी मोठ्याची खात्रीच झाली होती.

त्यामुळे बायकोने ऑफिसात फोन करून सांगितलं, की बाबांचा कॉम्प्युटर सकाळी अचानक मेल्यासारखा झालाय आणि बाबांनी धाकट्यांना कळवलंय, तेव्हा बिघाड काय हे त्याने विचारलंच नाही. "आधी त्यांना?" एवढंच विचारलं. बायको म्हणाली, आधी काय नि नंतर काय, फोन आहे तो, मानपान नव्हे. पण तोवर त्याने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला होता.

तो सासरी पोहोचला तेव्हा सासरे केस कापायला गेले होते. सासूबाईंनी न विचारता चहा टाकला आणि कान तुटलेल्या निळ्या कपात आणून दिला. तो कप मोठ्याचा, दुसऱ्या कुणाला त्या त्यात चहा देत नसत. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की काल दुपारी तर चांगला होता, मीच पत्ते खेळत होते. सासरे जेवून आडवे झाले की सासूबाई पडद्यावर एकटीने पत्ते लावत बसत. दिवसभरात एवढाच वेळ काय तो त्यांच्या स्वतःच्या मालकीचा. डाव जमला की स्वतःशीच "घे" म्हणत.

त्या स्वयंपाकघरात वळल्या आणि मोठा कामाला लागला. मनाने कसाही असो, हाताने गडी पक्का होता. बटण दाबलं, काही नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. मग त्याने टेबलावरचा दिवा त्याच प्लगमध्ये लावला. लागला. म्हणजे भिंतीतली वीज ठीक. पडद्याची केबल काढून कॉम्प्युटरच्या डब्याला लावून पाहिली. तरी डबा गप्प. म्हणजे केबलही ठीक. आता संशय उरला आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीवर. त्याने डबा भिंतीपासून ओढला, मागे हात घातला आणि बोटाला ते लागलं. केबल जिथे खोचतात त्याच्या शेजारचं छोटं काळं बटण. रेघेच्या, म्हणजे चालूच्या बाजूला दाबलेलं असायला हवं ते शून्याच्या, बंदच्या बाजूला होतं. मागची सगळी बाजू लख्ख पुसलेली होती. सकाळी फडकं फिरलं होतं, आणि फडक्याखाली बटणही फिरलं होतं.

त्याने ते रेघेकडे दाबलं, पुढचं बटण दाबलं. पंखा घुरघुरला, हिरवा दिवा लागला. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तो हिरमुसला. एवढ्याशा बटणावर कोण ते वाक्य बोलणार? बटण काय, साडूनेही दाबलं असतं. आणि साडूने ते हसत हसत दाबलं असतं, हे त्याला आणखी झोंबलं. एवढ्यात जिन्यावर सासऱ्यांच्या चपला वाजल्या. मोठ्याचा हात पुन्हा मागे गेला आणि बटण शून्याकडे परत आलं. पंखा गप्प झाला. विचार केला असता तर कदाचित त्याने तसं केलं नसतं, पण हाताला विचार करायला सवड नव्हती.

"काय म्हणतंय?" सासरे मानेवरचे केस झटकत आत आले.

मोठ्याने सुस्कारा सोडला. डॉक्टर बाहेर येऊन सोडतात तसा. "गंभीर दिसतंय बाबा. आतला मुख्य बोर्ड गेला असावा. घरी न्यावा लागेल, बघतो काय करता येतं ते."

बेत सरळ होता. डबा घरी न्यायचा, रविवारी परत आणायचा, बटण दाबायचं आणि ते वाक्य घ्यायचं.

"हा जावईशोध तर नव्हे ना?" सासरे म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मोठाही हसला, जरा उशिराच. मग सासऱ्यांनी फोन उचलला. धाकट्यांना कळवायला हवं, म्हणाले. सकाळी मी त्यांना सांगितलं तर ते काय म्हणाले माहितीये? आधी दादांना दाखवा, मला यातलं काही कळत नाही, दादा म्हणतील तसं करू. तुम्ही ऑफिसात असाल म्हणून मीच तुम्हाला फोन करायला संकोचलो.

मोठ्याच्या तोंडातला चहा कडू झाला. ज्या मानासाठी तो रजा टाकून धावत आला होता तो सकाळीच त्याच्या नावावर जमा झालेला होता. पण आता बोर्ड गेलेला होता, आणि गेलेला बोर्ड फुंकर मारून परत आणता येत नाही. आणला तर तो एक तर अडाणी ठरणार, नाही तर खोटारडा.

संध्याकाळी धाकटा आला तो दोन खोकी घेऊन. नवा कोरा कॉम्प्युटर. दादांनी सांगितलं बोर्ड गेला, मग जुन्यासाठी कशाला ओढाताण, असं म्हणत त्याने खोकी उघडली. केबली कुठे जोडायच्या हेही तो प्रत्येक वेळी दादांनाच विचारत होता, आणि दादा दात आवळून दाखवत होते. दुसऱ्याच्या लग्नात वाढपी व्हावं, तसं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सकाळी मी मागून ओलं फडकं फिरवलं होतं. त्यानेच तर नाही ना गेला?"

मोठ्याने मान वर केली. एक "नाही हो आई" पुरलं असतं. पण पाठोपाठ धाकट्याने निरागसपणे विचारलं असतं, मग कशाने गेला दादा? आणि धाकटा तर समोरच उभा होता, त्याच्या तोंडाकडे बघत.

"तसं सांगता येत नाही," मोठा म्हणाला.

सासूबाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

जुना डबा पडद्यासकट मोठ्याच्याच गळ्यात पडला. तुम्हाला आवड आहे, सासरे म्हणाले, सुटे भाग कामाला येतील. घरी त्याने बटण रेघेकडे दाबलं. पडदा उजळला. सासऱ्यांनी संपादकांना लिहिलेली पत्रं जागच्या जागी होती, पत्त्यांच्या खेळात सासूबाईंनी जिंकलेल्या डावांचा आकडाही होता. पत्रं त्याने काढून दिली, फार खटपट करावी लागली असं सांगून.

पुढच्या महिन्यात तो एका दुपारी गेला. सासरे झोपले होते, नवा कॉम्प्युटर सुरू होता आणि खुर्ची रिकामी होती. सासूबाई स्वयंपाकघरात आधीच लखलखीत असलेले डबे पुसत होत्या. आई, पत्ते लावून देऊ का, त्याने विचारलं.

"नको बाई. माझा हात लागला की बिघडतं," त्या म्हणाल्या, आणि निळ्या कपात चहा गाळू लागल्या. त्यांना खरं सांगायला आताही एक वाक्य पुरलं असतं. मोठ्याने मिठाची गुळणी धरली, वर चहा प्यायला.

तर झालेला हिशेब असा. सासऱ्यांना नवं यंत्र मिळालं. धाकट्याला ते वाक्य मिळालं, न मागता. मोठ्याला चालता कॉम्प्युटर फुकट मिळाला, फक्त तो चालतो हे कुणाला सांगायची सोय राहिली नाही. आणि या सगळ्याची भरपाई केली ती ज्यांनी यातलं काहीच घेतलं नव्हतं त्या सासूबाईंनी, आपली रोजची दुपार देऊन.