पाहुण्याचं ताट

नाताळच्या आदल्या सकाळी झेनोनने गोठलेल्या तळ्याकाठून उपाशी, अर्धमेला बगळा उचलून आणला आणि ऊब मिळावी म्हणून न्हाणीघरात कोंडला. तिथे टबात रात्रीच्या जेवणासाठी जिवंत ठेवलेला कार्प मासा पोहतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, बोगुमिलाने, दार उघडलं आणि नाकच दाबून धरलं. भिंतीवर विष्ठेचे ओघळ, टबात माशाचा सांगाडा, पायपुसण्यावर ओकलेले लिबलिबीत तुकडे. बगळा मात्र ताठ उभा!

"अगं, वाचला बघ!" झेनोन हरखला.

"शी! आग लागो तुझ्या पुण्यकर्माला!"

टेबलावर अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी दरवर्षीसारखं रिकामं ताट मांडलेलं होतं. तिने ते उचलून झेनोनच्या हातात कोंबलं.

"पाहुणा जेवला. उरलंसुरलं पायपुसण्यावर आहे, घे वाढून."