काट्यापर्यंतची वीस पावलं

शर्यतीच्या पत्रकावर फिंटन हार्टनेटच्या नावाआधी बावीस वर्षं ‘मिस्टर’ छापून येत होतं. म्हणजे हौशी स्वार. रविवारी कुंपणांवरून घोडे उडवायचे, हाडं मोडून घ्यायची आणि सोमवारी पहाटे निमूट गाईंच्या धारा काढायच्या. हार्टनेटांच्या घरात सगळे असेच. किल्ब्रॅकच्या शर्यतीच्या चषकावर आजोबांचं नाव होतं, वडिलांचं होतं, धाकट्या भावाचं, ओवेनचं, तर तीनदा. सहा वर्षांपूर्वी इथल्याच शेवटच्या कुंपणावर पडून ओवेन गेला.

फिंटनचं नाव तेवढं नव्हतं. आता बेचाळिशी उलटलेली, मान दोनदा मोडलेली. आता पुरे कर म्हणून डॉक्टरांनी कोपरापासून हात जोडले होते. ही त्याची शेवटची शर्यत.

घोडे वडीलच तयार करत. बावीस वर्षांत डिनी हार्टनेटांच्या तोंडून त्याच्यासाठी शाबासकीचा शब्द निघाला नव्हता. खरं सांगायचं तर फिंटनला चषकापेक्षा त्या शब्दाचीच आस होती.

“चिपाड झालास की,” खोगीर आवळत डिनी म्हणाले.

“तीन दिवस नुसता काळा चहा आणि कढत पाण्याचा टब, बाबा.”

“ओवेन चांगला चापून जेवायचा, तरी वजनात बसायचा.”

फिंटन घोडीवर चढला.

शेवटच्या कुंपणापाशी बाकीच्यांनी घोडे जरा आवरले. फिंटनने लगाम सैल सोडला आणि डोळे मिटले. घोडी उडाली, सरळ उतरली आणि जिंकली.

खोगीर हातावर घेऊन तो वजनाच्या तंबूकडे निघाला. जिंकलेल्या स्वाराने ठरलेलं वजन दाखवायला तडक खोगिरासकट काट्यावर उभं राहायचं, नाहीतर शर्यत बाद. त्या घरातली पोरं हे चालायच्या आधी शिकतात. तंबू वीस पावलांवर होता. तेवढ्यात डिनींनी त्याचा दंड धरला आणि त्याला घोड्यांच्या गाडीमागे ओढलं, चारचौघांत रडायला नको म्हणून. तिथे त्यांनी त्याला खोगिरासकट मिठी मारली.

“ओवेनलाही जमलं नसतं रे,” म्हातारा हुंदके देत म्हणाला. “ओवेनलाही नसतं जमलं.”

“विजेत्या स्वाराने वजनाला यावं,” कर्णा ओरडला. डिनींचे कान कधीच गेलेले; समोरच्याचे ओठ पाहूनच त्यांना बोलणं कळायचं. फिंटनला मात्र लख्ख ऐकू आलं. एकच मिनिट, तो मनाशी म्हणाला. डिनी बोलतच होते: पहिल्या तट्टावरून पडलास तेव्हा रडला नव्हतास, तुझी आई म्हणाली होती, हाच खरा स्वार. मी ऐकलं नाही तिचं. कर्णा पुन्हा ओरडला. हे बोलणं आता तुटलं तर पुन्हा कधी सुरू व्हायचं नाही, हे फिंटनला पक्कं ठाऊक होतं. तो हलला नाही.

शेवटी काट्यावरची ब्रीडा त्याला शोधत गाडीमागे आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

“फिंटन, कुठे होतास रे? दोनदा पुकारलं. वेळ संपली, चषक दुसऱ्याला गेला. माझ्या हातात काही नाही राहिलं.”

डिनींनी ओठांची हालचाल पाहिली आणि ते मागे सरले. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

“गाढवा! वजनाला जायचं विसरलास? शेंबड्या पोराला कळतं हे! ओवेन विसरला असता कधी?”

सगळं फिंटनच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं, तर ती मिठी म्हाताऱ्याला मरेपर्यंत सलत राहिली असती.

“नाही बाबा,” तो म्हणाला. “ओवेन नसता विसरला.”